मुलांच्या प्राणिकथा आणि घरातले वाचन



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर अर्थकारण, राजकारण, इतिहास आणि अध्यात्म ही मोठी मंडळी नेहमीच मानाने येऊन बसतात. त्यांच्या पंक्तीत आज मी चिमणी, कावळा, कोल्हा आणि उंदीर यांना घेऊन उभा आहे. विषय लहान मुलांचा आहे, म्हणून तो लहान आहे असे मात्र कोणी समजू नये. राजनीतीवरचा आपल्याकडचा एक जगप्रसिद्ध ग्रंथ सिंह, बैल आणि दोन कोल्हे यांच्याच तोंडून बोलतो. त्याच्याकडे मी थोड्या वेळाने येणार आहे. आधी आपल्या स्वतःच्या घरातल्या गोष्टीकडे वळू.

मराठी माणसाने आयुष्यात ऐकलेली पहिली गोष्ट कोणती, असे या सभागृहात विचारले तर बहुतेक सगळे हात चिऊकाऊच्या गोष्टीसाठी वर होतील. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे घर मेणाचे. पाऊस आला, शेणाचे घर वाहून गेले आणि कावळा चिमणीच्या दाराशी येऊन उभा राहिला. ही गोष्ट किती जुनी आहे याची पुष्कळांना कल्पना नसते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात या शेणामेणाच्या घरांचा उल्लेख सापडतो. म्हणजे निदान सातशे वर्षे मराठी आया आपल्या मुलांना हा पाऊस आणि हे बंद दार दाखवीत आल्या आहेत. एवढे आयुष्य लाभलेली राज्येसुद्धा आपल्याकडे थोडी.

आता या गोष्टीचे तात्पर्य काय? छापील पुस्तके लगेच सांगतात की, घर पक्के बांधावे, आळस करू नये. पण कावळ्याने आळस केला असे गोष्टीत कोठेही म्हटलेले नाही. शेणाने सारवलेली जमीन ही तर आपल्या घरांची शोभा होती! आणि भिजून काकडणाऱ्या शेजाऱ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणारी चिमणी आदर्श म्हणावी काय? चार वर्षांचे मूल हा प्रश्न विचारतेच. ‘चिऊताई दार का उघडत नाही?’ या प्रश्नाला पक्क्या घराचे तात्पर्य उत्तर देऊ शकत नाही.

मुलाला या गोष्टीत गोडी वाटते ती निराळ्याच ठिकाणी. चिमणी आपल्या बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, अंगडे घालते, काजळ लावते, तीट लावते, आणि दर वेळी कावळ्याला थांबायला सांगते. ऐकणाऱ्या मुलाला हे सगळे तासाभरापूर्वीच होऊन चुकलेले असते. आपल्या घरात जे चालते तेच चिमणीच्या घरात चालते, आणि बाहेर पाऊस असला तरी आत आई आहे, एवढे त्याला कळते. पुढे कावळा आत येतो तेव्हा काय होते ते घराघरात वेगळे आहे. कोठे तो तव्यावर बसून भाजतो, कोठे पिलांना खातो, कोठे गुपचूप चणे खात बसतो. अलीकडे काही पुस्तकांत तो क्षमा मागून चहा पिऊन जातो. या शेवटच्या कावळ्याबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. पण तो विषय पुढे येईलच.

दुसरी अशीच गोष्ट उंदराच्या टोपीची. उंदराला कापडाचा तुकडा सापडतो. धोब्याकडून तो धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, तिला गोंडे लावून घेतो, आणि ढोलके वाजवीत राजाच्या वाड्यासमोर जाऊन आपली टोपी राजाच्या टोपीपेक्षा सरस आहे असे जाहीर करतो. राजा टोपी हिसकावून घेतो तेव्हा उंदीर त्याला भिकारी म्हणतो. राजा चिडून टोपी परत फेकतो तेव्हा उंदीर म्हणतो की राजा मला घाबरला. या गोष्टीला तात्पर्य लावण्याचा प्रयत्न मी अनेकदा वाचला आहे. गर्व करू नये, असे कोणी लिहितात. पण गर्व केल्यामुळे उंदराचे काय बिघडले? काही नाही. टोपी डोक्यावर आहे, ढोलके गळ्यात आहे आणि स्वारी खुशीत घरी गेली आहे. ज्या मुलाला दिवसभर ‘हे करू नको, तिकडे जाऊ नको’ एवढेच ऐकावे लागते, त्याला राजाला दोन्ही बाजूंनी निरुत्तर करणारा हा वीतभर प्राणी किती आपला वाटत असेल! सत्तेच्या हातून आपली वस्तू परत कशी मिळवावी, हा धडा त्यात आहे. परंतु तो धडा कोणी फळ्यावर लिहून देत नाही.

माझे आजचे म्हणणे मी येथेच सांगून टाकतो. प्राणिकथा मुलाला शिकवते, यात शंका नाही. पण ती शेवटी चिकटवलेल्या तात्पर्याने शिकवत नाही. ती शिकवते गोष्ट चालू असताना मुलाच्या मनात उठणाऱ्या प्रश्नाने, आणि त्या प्रश्नाला सामोऱ्या जाणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसाने. तो मोठा माणूस तेथून उठून गेला, तर जगातली उत्तमातली उत्तम प्राणिकथाही अर्धी राहते.

आता पंचतंत्राकडे येतो. त्याची प्रस्तावना आपल्याला ठाऊक असेल. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती आणि त्याचे तीन पुत्र बहुशक्ती, उग्रशक्ती आणि अनंतशक्ती. नावात शक्ती भरपूर, बुद्धीचा मात्र दुष्काळ. राजा चिंतेत पडतो. ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा पुढे येतो. मी विद्या विकत नाही, असे सांगून राजाने देऊ केलेली इनामे तो नाकारतो, आणि सहा महिन्यांत मुलांना नीतिशास्त्रात तयार करण्याची प्रतिज्ञा करतो. त्यासाठी तो मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश आणि अपरीक्षितकारक ही पाच तंत्रे रचतो. ही हकीकत ऐतिहासिक आहे की नाही, हा वाद पंडितांसाठी सोडून देऊ. शिक्षक म्हणून विष्णुशर्म्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे.

पंचतंत्रातले एक पात्र दुसऱ्याला एखादा श्लोक ऐकवते. त्यात कोड्यासारखे काही असते. असे करू नये, नाही तर खुंटी उपटणाऱ्या वानरासारखी गत होईल, अशा धर्तीचे. ऐकणारा लगेच विचारतो, ‘कथमेतत्?’ म्हणजे, ते कसे काय? आणि मग गोष्ट सुरू होते. सबंध ग्रंथभर हा शब्द येतो. म्हणजे पाहा, विष्णुशर्म्याने नीतिवाक्य शेवटी नव्हे, तर आधी ठेवले. तेही उत्तर म्हणून नव्हे, तर भूक लावण्यासाठी. ऐकणाऱ्याने विचारल्याशिवाय गोष्टीचे पान उलटत नाही. आपण नेमके उलटे करतो. आधी गोष्ट घाईने उरकतो आणि मुलाने काही विचारले नसताना शेवटी उत्तर देऊन मोकळे होतो.

दुसरी गोष्ट याहून गमतीची आहे. पहिल्या तंत्रात पिंगलक नावाचा सिंह आणि संजीवक नावाचा बैल यांची मैत्री दमनक हा कोल्हा मोडून टाकतो. त्यासाठी तो शस्त्र वापरत नाही. तो गोष्टी सांगतो! सिंहाला एक गोष्ट, बैलाला दुसरी. प्रत्येक गोष्ट स्वतःपुरती शहाणपणाची असते, आणि त्या सगळ्यांचा उपयोग एका निरपराध बैलाचा जीव घेण्याकडे होतो. बैल मारला जातो आणि दमनक मंत्री होऊन बसतो. त्याला शिक्षा होत नाही. राजपुत्रांना राज्य करायचे होते. गोड बोलून, दृष्टांत देऊन, सुभाषिते म्हणून दाखवून माणूस कसा फसवतो हे त्यांना कळायला हवे होते. गोष्ट सांगणारा प्रत्येक जण आपल्या हिताचे सांगतो असे नाही, हे गोष्टीनेच शिकवणारा दुसरा बालग्रंथ मला माहीत नाही. आजच्या जाहिरातींच्या आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या निरोपांच्या काळात हा धडा मुलांच्याच काय, आपल्याही उपयोगाचा आहे.

पण दमनकाला शिक्षा नाही, ही गोष्ट सगळ्यांना पचली नाही. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिर्वान याच्या दरबारातला बर्झोय नावाचा वैद्य हिंदुस्थानात आला. मेलेल्यांना जिवंत करणारी वनस्पती शोधायला तो आला होता आणि ती वनस्पती म्हणजे हा ग्रंथच, असे त्याला येथे कोणी सांगितले, अशी दंतकथा फिर्दौसीच्या शाहनाम्यात आहे. बर्झोयने ग्रंथ पहलवी भाषेत नेला. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने तो अरबीत आणला. करटक आणि दमनक यांचे तेथे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले. या अरबी ग्रंथात एक जादा प्रकरण आहे. त्यात दिम्नावर खटला चालतो आणि त्याला देहदंड होतो. म्हणजे कावळ्याला चहा पाजणाऱ्या आजच्या लेखकांची परंपरा चांगली बाराशे वर्षांची आहे म्हणायची! फरक एवढाच की इब्न अल्-मुकफ्फाने भर घातली ती मोठ्या ताकदीची, आणि त्या काळी राज्यकर्त्यांच्या दारी न्यायाची गोष्ट सांगणे सोपे नव्हते. त्याचा स्वतःचा अंत सत्ताधाऱ्यांच्या हातूनच झाला.

अरबीतून हा ग्रंथ हिब्रू, लॅटिन, स्पॅनिश, इटालियन अशा वाटा चालत १५७० मध्ये टॉमस नॉर्थच्या हातून इंग्रजीत पोहोचला. फ्रान्समध्ये ला फोंतेन याने १६७८ साली आपल्या प्राणिकथांचा दुसरा संग्रह काढला, तेव्हा पिल्पाय नावाच्या हिंदी ऋषीचे ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केले.

मराठीत मुलांसाठी छापील प्राणिकथा आली ती इसापच्या बोटाला धरून. तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने इसापच्या कथा मराठीत आल्या. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांची ‘इसपनीतिकथा’ मुंबईत निघाली. तेव्हापासून कोल्हा आणि द्राक्षे, ससा आणि कासव, लांडगा आणि कोकरू ही मंडळी आपल्या घरचीच झाली. एक गंमत सांगतो. इसापचा तो प्राणी इंग्रजीत ‘फॉक्स’ आहे, आणि फॉक्स म्हणजे मराठीत खोकड. आपला कोल्हा तो ‘जॅकल’, निराळा प्राणी. पण पंचतंत्रामुळे धूर्तपणाचे पद आपल्याकडे कोल्ह्याला आधीच बहाल झालेले होते. बिचाऱ्या खोकडाला कोणी विचारले नाही. आणि कोल्हा फळे खातो की नाही, अशी शंका येणाऱ्यांना आपली म्हणच उत्तर देते, कोल्हा काकडीला राजी. बोरेही तो आवडीने खातो.

इसापनीतीने आपल्याला पुष्कळ दिले, आणि त्याबरोबर ‘तात्पर्य’ हा शब्दही अंगवळणी पाडला. आता हे तात्पर्य इसापचे नव्हे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास डेमेट्रियसने या कथा गोळा केल्या, त्या वक्त्यांना भाषणात दृष्टांत म्हणून उपयोगी पडाव्यात यासाठी, असे अभ्यासक मानतात. शेवटची नीतिवाक्ये ही नंतरच्या हातांची जोड आहे. एकाच कथेला निरनिराळ्या संग्रहांत निरनिराळी नीतिवाक्ये जोडलेली आढळतात, यातच सगळे आले.

या तात्पर्यावर सर्वांत कडक हल्ला चढवला तो रूसोने. त्याच्या आधी जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९३ साली लिहिले होते की मूल वाचायला लागले की त्याच्या हाती सचित्र इसापनीती द्यावी. रूसोने १७६२ मध्ये ‘एमिल’ या ग्रंथात नेमके उलट मत दिले. ला फोंतेनची कावळा आणि कोल्हा ही कथा त्याने एकेक ओळ घेऊन तपासली आणि विचारले की, हे मुलाला काय कळणार? आणि कळलेच तर काय कळणार? कावळ्याच्या चोचीतला तुकडा कोल्हा स्तुती करून पळवतो. तुम्ही म्हणता, मुलाने खुशामतीला भुलू नये हे शिकावे. प्रत्यक्षात मूल कावळ्याला हसते आणि कोल्ह्याच्या बाजूला जाते. मुंगी आणि नाकतोड्याच्या कथेत ते मुंगीकडून उद्योग शिकत नाही. दारी आलेल्याला हाकलून द्यावे आणि वर टोमणा मारावा, एवढेच शिकते. सिंहाच्या वाट्याच्या कथेत ते स्वतः सिंह होऊन बसते.

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मुलांत वावरलेल्या कोणालाही त्यातली खरी नाडी जाणवेल. पण रूसोचे निदान बरोबर असले तरी औषध मला पटत नाही. मुलांना या कथा देऊच नयेत, असे तो म्हणतो. त्याच्या डोळ्यांसमोर पाहुण्यांपुढे उभे राहून कविता पाठ म्हणून दाखवणारे एकटे मूल आहे. त्या मुलाच्या शेजारी आजी नाही. (रूसोने स्वतःची पाच मुले अनाथालयात ठेवली हे त्यानेच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, तेव्हा घरात रात्री गोष्ट सांगताना काय होते, हे त्याला कळायला फारसा वाव नव्हता.) मूल आज कोल्हा होईल, उद्या कावळा होईल. आज हसेल, उद्या कोणी वर्गात गोड बोलून त्याची पेन्सिल लांबवली की कावळ्याची आठवण काढून मुकाट्याने बसेल. त्या दिवशी ती गोष्ट त्याला पुन्हा वाचून दाखवायला कोणी घरात असले पाहिजे, एवढीच अट आहे.

एका घरातला प्रसंग सांगतो. पंचतंत्रातली सिंह आणि सशाची गोष्ट वडील वाचत होते. भासुरक सिंह रानातले प्राणी सरसकट मारत सुटतो, म्हणून प्राणी त्याच्याशी ठराव करतात की रोज एक प्राणी आम्ही पाठवू. सशाची पाळी येते, तो उशिरा जातो, वाटेत दुसरा सिंह भेटल्याची थाप मारतो आणि विहिरीतले प्रतिबिंब दाखवून सिंहाला बुडवतो. गोष्ट संपली. आठ वर्षांची मुलगी म्हणाली, ‘बाबा, पण ससा खोटे बोलला. आणि ठरले होते ना रोज जायचे?’ वडील क्षणभर गप्प झाले. त्याच दिवशी सकाळी खोटे बोलल्याबद्दल त्यांनी तिला रागावले होते! ‘बुद्धी ज्याचे बळ त्याला’ असे म्हणून त्यांना पुस्तक मिटता आले असते. त्यांनी उलट विचारले, ‘हा ठराव कोणाच्या सोयीचा होता?’ मुलगी विचारात पडली. ‘नाही म्हणायची सोय प्राण्यांना होती का?’ मग बोलणे कितीतरी वेळ चालले. आजोबाही त्यात उतरले. धाकाखाली दिलेला शब्द हा शब्द असतो काय, आपल्याला खायला निघालेल्याशी खोटे बोलणे आणि आईशी खोटे बोलणे एकच काय, असे प्रश्न त्या घरात निघाले. यांतल्या काही प्रश्नांवर आपल्याकडे महाभारत उभे आहे. मुलीला सर्व उत्तरे मिळाली नाहीत. वडिलांनाही मिळाली नसावीत. पण त्या रात्री त्या घरात नीतिशास्त्राचा जो तास झाला, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाने झाला नसता.

म्हणूनच गोष्टी गुळगुळीत करण्याला माझा विरोध आहे. मुलांना भीती वाटेल, वाईट वाटेल, म्हणून लांडगा शाकाहारी करायचा आणि मगरीला माकडाची क्षमा मागायला लावायची, ही दया नव्हे. ब्राह्मण आणि मुंगसाची गोष्ट घ्या. पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवणारे मुंगूस रक्ताळलेल्या तोंडाने दारात स्वागताला येते, आणि पाठभेदानुसार आई किंवा बाप, याने बाळ मारले असे समजून त्याला ठार करतो. आत जाऊन पाहावे तो बाळ खेळते आहे आणि शेजारी सापाचे तुकडे पडले आहेत. ही गोष्ट जेथे गेली तेथे माणसांनी ती आपली मानली. वेल्समध्ये मुंगसाचा शिकारी कुत्रा झाला. बेडगेलर्ट या गावी गेलर्ट कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये लिआँच्या परिसरातले शेतकरी अशाच एका कुत्र्याला संत गिनफोर मानून आजारी मुलांना त्याच्या थडग्यापाशी नेत. एका धर्मोपदेशकाने ते थडगे उकरून टाकले, तरी लोकांची श्रद्धा पुष्कळ काळ टिकली. ही गोष्ट ऐकून मूल रडते. रडू द्यावे. मेलेल्या मुंगसासाठी आपल्या मांडीवर बसून रडलेले मूल उद्या रागाच्या भरात उगारलेला हात कदाचित क्षणभर थांबवील. पण ‘कदाचित’ म्हणतो. याची हमी कोणी देऊ नये.

आता घरातल्या वाचनाविषयी. एकाने वाचावे आणि घराने ऐकावे, ही पद्धत आपल्याकडे कोणी परदेशातून आणलेली नाही. चातुर्मासात श्रीधराचे हरिविजय, पांडवप्रताप घरोघर वाचले जात. वाचणारा एक, ऐकणारी सगळी आळी. निरक्षर आजीला अध्यायच्या अध्याय ठाऊक असत ते याच रीतीने. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली निघाली, तिची मांडणीही रात्रीमागून रात्र सांगितलेल्या गोष्टींची आहे. पुढे घरे लहान झाली, कामाच्या वेळा लांबल्या. आज आपल्या पुष्कळ घरांत संध्याकाळी चार माणसे चार पडद्यांसमोर बसलेली असतात. पडद्यावरही प्राणी असतात, आणि काही चित्रपट खरोखर चांगले असतात. पण चालू चित्रपटाला ‘कथमेतत्?’ विचारता येत नाही. तो थांबत नाही.

आणखी एक दुरावा आपल्याकडे नव्याने पडला आहे. मुले इंग्रजी माध्यमात जातात. नातू पीटर रॅबिट वाचतो, आजीला चिऊकाऊ येते. दोघे एका घरात राहतात आणि त्यांच्या रानात मात्र एकही प्राणी सामाईक नसतो. पीटर रॅबिटवर माझा राग नाही. बीट्रिक्स पॉटरने ती गोष्ट १८९३ मध्ये एका आजारी मुलाला चित्रांसह पत्रात लिहून पाठवली होती. पुस्तक म्हणून ती १९०२ साली बाजारात आली. पीटरच्या बापाचे मॅक्ग्रेगरबाईने खाद्य करून टाकले, हे पॉटरबाईंनी पहिल्याच पानांत सांगून टाकले आहे. तिने कावळ्याला चहा पाजला नाही! तेव्हा आईबापांना माझी विनंती एवढीच की नातवाने पीटरची गोष्ट आजीला मराठीत सांगावी आणि आजीने चिऊकाऊची त्याला.

या बाबतीत रुडयार्ड किपलिंगची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. राज्यकर्ता म्हणून त्याचे विचार आपल्याला रुचणारे नाहीत. पण त्याचा जन्म १८६५ सालचा, मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. दुपारी झोपण्यापूर्वी आया आणि मीता नावाचा नोकर त्याला येथल्या गोष्टी सांगत आणि गाणी म्हणत. मग आईवडिलांकडे नेताना आता इंग्रजीत बोला, अशी सूचना मिळे आणि मुले मनातल्या देशी भाषेचे भाषांतर करीत अडखळत इंग्रजी बोलत. हे त्यानेच लिहिले आहे. पुढे १८९४ मध्ये ‘जंगल बुक’ आले आणि शिवनीच्या रानातली लांडग्यांची टोळी जगभर गेली. ज्या दुपारी ऐकलेल्या गोष्टींवर तो माणूस जन्मभर जगला, तसल्या दुपारी आपल्या मुलांच्या वाट्याला किती येतात?

याच किपलिंगची थोरली मुलगी जोसेफिन. झोपताना तिला सांगितलेल्या गोष्टींत एकही शब्द इकडचा तिकडे झालेला तिला खपत नसे. अगदी तश्शीच गोष्ट हवी असे. त्यावरूनच त्या पुस्तकाला ‘जस्ट सो स्टोरीज’ हे नाव पडले. पुस्तक १९०२ मध्ये निघाले. जोसेफिन १८९९ मध्येच सहा वर्षांची असताना न्यूमोनियाने गेली होती.

तेव्हा मुलाने तीच गोष्ट अकराव्यांदा मागितली तर कंटाळू नका. नवे पुस्तक आणले आहे, असे म्हणून त्याला टाळू नका. गोष्टीत पुढे काय होणार हे त्याला माहीत असते आणि ते तसेच होते, यात त्याला मोठा आधार वाटतो. वाचताना मुद्दाम एखादा शब्द चुकवून पाहा. ते तुम्हांला दुरुस्त करील, आणि अक्षरओळख होण्याआधीच ते वाचक झालेले असेल. मध्येच थांबून ‘यातून काय शिकलास?’ असे विचारू नका. गिजुभाई बधेका यांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरच्या बालमंदिरात हाच आग्रह धरला होता की गोष्ट आनंदासाठी सांगावी, उपदेशाचे शेपूट तिला लावू नये. तात्पर्य पुस्तकात छापलेलेच असेल तर ते वाचू नका. अगर मोठ्या मुलांना विचारा की हे तात्पर्य या गोष्टीला शोभते का? मुले फार निर्दय परीक्षक असतात.

वाचन आईनेच करावे असाही काही नियम नाही. वडिलांनी वाचलेला लांडगा निराळा असतो. वाचता येणाऱ्या ताईने धाकट्यासाठी वाचले तर दोघांचेही भले होते. आणि भाषा घरची असावी. पुस्तकातला कोल्हा पुण्याच्या बोलीत बोलत असला, तरी विदर्भातल्या घरात त्याने वऱ्हाडीत आणि कोकणातल्या घरात मालवणीत बोलायला काय हरकत आहे? गोष्टीला त्याची सवय आहे. ती पहलवीत बोलली, अरबीत बोलली.

प्राण्यांविषयी मात्र एक पथ्य पाळावे. गोष्टीतला प्राणी माणसाचा मुखवटा घालून येतो, हे मुलाला कळते. पण कधी कधी मुखवटाच खरा वाटू लागतो. लांडगा दुष्ट, साप सूड घेणारा, घुबड अशुभ, अशा समजुतींनी प्रत्यक्षातल्या प्राण्यांचे आपल्या हातून फार नुकसान झाले आहे. घुबड शेतातले उंदीर खाते. दख्खनच्या माळरानावरचा लांडगा आता विरळा झाला आहे. गोष्ट वाचून झाली की खिडकीतून खरा कावळा दाखवावा. त्याचे घर शेणाचे नसते, काटक्यांचे असते. शहरात तो तारांचे तुकडेही त्यात गुंफतो, आणि कोकिळा त्याच घरात आपली अंडी ठेवून जाते. एवढा चलाख पक्षी गोष्टीत मूर्ख का ठरला, हा प्रश्न मुलाला पडला तर चांगलेच आहे. सुटीत जमले तर अजिंठ्याला जावे. तेथे दहाव्या आणि सतराव्या लेण्यात सहा सुळ्यांच्या गजराजाचे, छद्दंताचे जातक रंगवलेले आहे. गोष्ट आदल्या रात्री घरी वाचून जावी, म्हणजे अंधारात चित्र शोधताना मुले आपल्या पुढे धावतील.

शेवटी एक प्रश्न पालक नेहमी विचारतात, तो आजही कोणी विचारील म्हणून आधीच घेतो. मुलांना किती वयापर्यंत वाचून दाखवावे? अमरशक्तीचे पुत्र काही पाळण्यातले नव्हते. मूल स्वतः वाचू लागले म्हणजे आपले काम संपले असे समजू नये. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ऐकून जेवढे कळते तेवढे वाचून कळत नाही. ते पुस्तक आपल्या हातून ओढून घेऊन कोपऱ्यात जाऊन बसेल, तेव्हा खुशाल सोडून द्यावे. दोन दिवसांनी एखादा प्रश्न घेऊन ते परत येईल. तेव्हा घरात असावे.

चालकांनी प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे राखून ठेवली आहेत आणि पुढच्या रांगेतल्या दोन-तीन छोट्या श्रोत्यांचे हात मघापासूनच वर आहेत. त्यांना आधी बोलू द्यावे, अशी अध्यक्षमहाराजांना विनंती करून मी थांबतो.